भुरीच्या मानेतल्या अळ्या: माझा अनुभव

भुरी कुत्रीला अळ्या झाल्यात हे आधी नाकाला कळलं, डोळ्यांना नंतर. वर्तकनगरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममागे ती अंग चोरून बसली होती. खायला टाकलं तरी उठेना. जवळ गेले तर सडक्या मांसाचा तो गोडसर, घशात बसणारा वास. वरून काहीच दिसत नव्हतं. मानेवरचे केस पातळ रक्ताने चिकटून त्यांच्या झिपऱ्या झाल्या होत्या आणि मागच्या पायाने ती तिथे सारखी खाजवत होती. केस बाजूला केले तर खाली रुपयाच्या नाण्याएवढं भोक, आणि त्यात दाटीवाटीने अळ्या. टॉर्चचा उजेड पडला की आत सरकायच्या, उजेड काढला की पुन्हा वर यायच्या. या अळ्या मागच्या टोकाने श्वास घेतात, त्यामुळे तोंड मांसात आणि शेपूट हवेत.

कुणी म्हणालं फिनेल ओत, कुणी म्हणालं पेट्रोल. डांबरगोळ्या कुटून भर, असंही सांगून झालं. गावाकडच्या एका काकूंनी सीताफळाचा पाला वाटून लावायला सांगितला, गुरांना त्यांच्याकडे तेच करतात. फिनेल, पेट्रोल आणि डांबरगोळ्या यांना मात्र हात लावू नका, हे मी कळकळीने सांगते. उघड्या जखमेतून ते सगळं अंगात जातं, जिवंत मांस भाजतं, आणि कुत्रं चाटून चाटून पोटातही घेतं.

प्राण्यांच्या एका हेल्पलाइनवर फोन केला. गाडी येईल म्हणाले, पण संध्याकाळपर्यंत आली नाही. शेवटी वॉचमनमामा आणि मी तिला रिक्षात घालून खाजगी दवाखान्यात नेलं. वास आल्यावर दोन रिक्षावाले पुढे निघून गेले. तिसऱ्याने सीटवर प्लास्टिक अंथरू दिलं आणि भाडंही मीटरप्रमाणेच घेतलं. त्याचे उपकार. निघण्याआधी मामांनी गॉज बँडेजने तिचं तोंड बांधलं होतं. दुखणारं कुत्रं कितीही ओळखीचं असलं तरी चावू शकतं, आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीला जायचं.

डॉक्टर मॅडमनी आधी मानेवरचे केस मशीनने पार काढले. तेव्हा कळलं की वरचं भोक लहान होतं, आत कातडीखाली पोकळी कानापर्यंत गेली होती. भोकाच्या तोंडाशी टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटं धरला. ओतलं नाही, कारण तेही मांसाला झोंबतं. गुदमरल्यासारख्या अळ्या बाहेर यायला लागल्या, तशा एकेक चिमट्याने धरून काढल्या. आत चिरडू द्यायची नाही, अख्खी ओढायची. काढलेल्या अळ्या तिथेच मारायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जमिनीवर पडलेली अळी मातीत शिरून कोष करते आणि उन्हाळी हवेत साधारण आठवड्याभरात तिची माशी होते. मग सलाइनने पोकळी धुतली, पातळ केलेलं बीटाडीन सोडलं, आणि वजन करून आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषध दिलं. हे औषध मेडिकलमधून आणून आपल्या मनाने टोचू नका. कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना ते जनुकीय दोषामुळे बाधतं, पिल्लांनाही जपून द्यावं लागतं.

मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली. उकिरड्यावरच्या बऱ्याच माश्यांच्या अळ्या मेलेलं मांस खातात. काही देशांत तर निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या अशा अळ्या जुनाट जखमा साफ करायला मुद्दाम सोडतात. पण आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी आहे, तिच्या अळ्यांना जिवंत मांसच लागतं. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते, दिवसभराच्या आत ती फुटतात, आणि अळ्या पाच ते सात दिवस खातच राहतात. त्या जखमेचा वास आणखी माश्यांना बोलावतो. गोचीड चावल्याचा ओरखडासुद्धा तिला पुरतो. अमेरिकेतली अशी माशी वेगळ्या जातीची. तिथे किरणोत्साराने नपुंसक केलेले नर सोडून तिची पैदास मोडली आणि 1966 मध्ये देश मुक्त झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून जखम माशीपासून जपणं हाच आपला उपाय.

आणि खरं काम तिथून सुरू झालं. अळ्या काढणं एका बैठकीत बरंचसं होतं, पण दुसऱ्या दिवशी आत दडलेल्या काही निघतातच. भुरीच्याही निघाल्या. तेव्हा हात आखडता घेतला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी मी धुवायचे, मामा धरायचे, वरून माश्या न बसणारा जखमेचा स्प्रे मारायचा. पोकळी आतून भरत आली पाहिजे, वरचं तोंड आधी मिटून चालत नाही. लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मधल्या काळात तळमजल्यावरच्या वहिनी घाबरल्या. त्यांचे सासरे मधुमेहाचे, पायाला जखम, अंथरुणाला खिळलेले. कुत्र्याचं आजोबांना लागेल का, हा त्यांचा प्रश्न होता. मी मॅडमना विचारून आले. कुत्र्याला हात लावून अळ्या लागत नाहीत, पण तीच माशी माणसाच्या उघड्या जखमेवरही बसू शकते. संवेदना गेलेला मधुमेहाचा किंवा कुष्ठरोगाचा पाय, अंथरुणातल्या म्हाताऱ्यांच्या पाठीवरचे व्रण, नाकाचा जुना आजार असलेली माणसं, यांना धोका जास्त. नाकात झालं तर दुर्गंधी, रक्त, आतून काहीतरी वळवळल्यासारखं वाटणं. तेव्हा घरी काही न घालता ताबडतोब कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. वहिनींनी त्याच दिवशी आजोबांच्या पलंगाला मच्छरदाणी लावली आणि पायाची पट्टी रोज बदलायची म्हणून भिंतीवर लिहून ठेवलं.

भुरीच्या मानेवर आता केस आलेत, थोडे पांढरट. आता आजूबाजूच्या सोसायट्यांतून मला फोन येतात. मी आधी एवढंच विचारते: फिनेल टाकलं का? नाही म्हणाले की पुढचं सांगते. तोंड बांधा, केस कापा, भोक झाकू नका, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, आणि दुसऱ्या दिवसाची वेळ आत्ताच ठरवून घ्या.