दोन वेळास आणि एक मधली वाडी

मार्च 2023 मधल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कासवांसाठी निघालो. मी, आई आणि माझी नऊ वर्षांची लेक. ताम्हिणी उतरलो, माणगावला मिसळ खाल्ली, म्हसळा मागे टाकलं आणि साडेचारला वेळासला पोचलोसुद्धा. किनारा सुंदर, सुरूची झाडं, माणूस नाही. कासवंही नाहीत.

चहाच्या टपरीवरच्या बाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "कासवांचं वेळास हे नव्हे हो. ते मंडणगडातलं, खाडीपल्याड."

कोकणात वेळास दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या शेजारी. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटजवळ. नाना फडणवीसांचं गाव ते दुसरं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून जिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, तेही दुसरंच. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. संध्याकाळचं सोडणं आमचं हुकलं होतं. लेक गाडीत मागे बसून आवाज न करता रडत होती आणि ते मला आरशात दिसत होतं.

चूक माझी. आमच्या गाडीत काचेला चिकटवायचा जीपीएस आहे, 2011 साली घेतलेला. निघताना त्यात वेळास टाकलं तेव्हा दोन नावं आली होती. पहिलं जवळचं होतं, मी तेच दाबलं. तालुका बघितला नाही. वाटेत आई दोनदा म्हणाली, "अगं, कुणाला तरी विचार." तिचं माहेर गुहागरकडचं, तिला कोकणात रस्ता विचारल्याशिवाय गाडी पुढे जाते हेच पटत नाही. मी तिला जरा तोडूनच म्हटलं, "आई, यात सगळं आहे." ते बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं.

फोन असताना हा डबा कशाला, असं मला सगळे विचारतात. कारण मी या किनाऱ्यावर वर्षातून तीनदा तरी येते. एका वळणावर रेंज असते, पुढच्या चार वळणांवर नसते. तेव्हा फोनला आपण कुठे आहोत ते कळत असतं, पण नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर एका राखाडी कोऱ्या चौकटीत नुसता निळा ठिपका उभा राहतो. या उपकरणाचा नकाशा आतल्या कार्डात आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सारखे वेळ सांगत असतात. चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून जागा निघते. त्यात टॉवरचा संबंध नाही, सिमकार्डाचा नाही. भर पावसात, आडरानात याने मला वाट दाखवली आहे. तारीख मात्र 2019 पासून चुकीची दाखवतो. जीपीएसचे आठवडे 1023 पर्यंत मोजले जातात आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती फेरी पूर्ण झाली, आणि जुन्या यंत्रांपैकी काहींना ते समजलं नाही. त्या शनिवारी आमच्या पडद्यावर 26 जुलै 2003 होती. जागा दाखवण्यात काडीचा फरक नाही.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला आलो. इथेही यंत्र आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा घ्यायला सांगत होतं, कारण कधीतरी मीच त्यात फेरीबोट टाळायची खूण करून ठेवली होती. ती काढली. बोटीत गाडी चढली, सूर्य बाणकोटच्या किल्ल्यामागे गेला, आणि पडद्यावर आमचा बाण निळ्या पाण्यावरून हळूहळू पलीकडे सरकायला लागला. लेक पुढे येऊन तो बाण बघत बसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली.

वेश्वीला उतरलो तेव्हा अंधार पडत होता. आणि पुढचा अर्धा तास मला जन्मभर लक्षात राहील.

यंत्रात दोन पर्याय असतात, लवकरचा रस्ता आणि जवळचा रस्ता. उशीर झाला म्हणून मी जवळचा निवडला. त्याने मुख्य रस्ता सोडून एका वाडीत वळवलं. आधी डांबर, मग सिमेंट, मग दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मधे गाडीपेक्षा वीतभर जास्त जागा. यंत्र म्हणत होतं, एकशेवीस मीटर सरळ जा. मी ब्रेक दाबला, कारण दिव्यांचा उजेड जमिनीवर पडेनासा झाला होता. समोर, डोळ्यांच्या पातळीला, पोफळींचे शेंडे उजळले होते.

उतरून बघितलं. पुढे पाखाडी होती. जांभ्याचे चिरे लावून केलेल्या पायऱ्या, मधे झिजून खोलगट झालेल्या, कडांना गेल्या पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं पडलेलं. सरळ खाली गेलेल्या. एकशेवीस मीटरवर खाली खरंच रस्ता होता, दिवे दिसत होते. नकाशात ती एक रेघ होती आणि यंत्राला रेघेची लांबी समजते. रेघेला पायऱ्या आहेत, हे कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

गडग्यापलीकडून बॅटरीचा झोत आला. एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, कमरेला पंचा. ते अजिबात चकित झाले नव्हते. "गाडी हितनं जात नाय, बाय. मागं घ्यायला लागेल. घाबरू नका, मी हाय."

वळवायला जागाच नव्हती. जवळजवळ तीनशे मीटर मी गाडी उलटी नेली, अंधारात, दोन गडग्यांच्या मधून. आजोबा मागे उलटे चालत होते, बॅटरी आडवी हलवत. "घ्या... घ्या... ऱ्हावा. आता थोडी उजवीकडं तोडा. घ्या." एकदाही आवाज चढवला नाही. शहरात पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना चार माणसं चार दिशांना ओरडतात. इथे एकच आवाज होता आणि तो मला कळत होता. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, मोकळ्या जागेत आलो तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. आईने उतरून त्यांना आधी पाणी विचारलं, मग गाव, मग कुणाकुणाची ओळख निघते का ते. त्यांच्या आत्याचं सासर आईच्या माहेरापासून दोन गावं सोडून निघालं.

ते मात्र काचेवरच्या पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "ह्याच्यात आमची वाडी कुठं?"

मी नकाशा मोठा केला. गावाचं नाव होतं, आणि बाकी सगळा फिकट हिरवा रंग. कोकणात गाव म्हणजे महसुली कागदावरचं नाव. माणसं राहतात ती वरच्या वाडीत, मधल्या वाडीत, खालच्या वाडीत, आणि त्या एकमेकींपासून डोंगराच्या घडीएवढ्या लांब असतात. आजोबांची मधली वाडी. ती नकाशात नव्हती.

"म्हणून ती गाडी चुकली," ते म्हणाले. आदल्या जुलैत त्यांच्या पत्नीच्या छातीत रात्री कळ आली. रुग्णवाहिका बोलावली. चालकाच्या फोनने त्याला गावाच्या नावाच्या ठिपक्यावर नेलं, आणि तो ठिपका वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, शाळेपाशी. वहाळ भरलेला. तिकडून त्याला यांच्या घरातला दिवा दिसत होता म्हणे, पण येता येईना. शेवटी चौघांनी बाईंना खुर्चीत बसवून पाखाडी चढून सड्यावर आणलं. त्या वाचल्या. आता मुलाकडे विरारला असतात, पावसाळ्यात तर इथे यायला धजतच नाहीत. हे सगळं त्यांनी भाताचा भाव सांगावा तितक्या सरळ सांगितलं. आईने त्यांचा हात धरला.

मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यात आमचं घर घालता येईल काय?"

माझ्या यंत्रात घालून त्यांना काय उपयोग, हे मला लगेच कळलं. पण आकडा त्यांना देता आला असता. अक्षांश-रेखांश कुठल्याही फोनमध्ये टाकता येतात, त्याला वाडीचं नाव लागत नाही. मी यंत्र काचेवरून काढलं. त्याची आतली बॅटरी आता वीसेक मिनिटं टिकते. लेकीला आईपाशी ठेवलं आणि आजोबांच्या मागून चालत गेले. पाखाडीच्या चौसष्ट पायऱ्या उतरल्यावर त्यांचं घर. फणसाखाली उपग्रहांचा संदेश दाखवणाऱ्या पट्ट्या एकेक करून बारीक झाल्या. घरासमोरच्या खळ्यात, मोकळ्या आभाळाखाली, पुन्हा वाढल्या. तिथे उभी राहिले आणि आकडे थांबायची वाट बघितली. दशांशानंतरचा चौथा आकडा बदलला की जागा साधारण अकरा मीटर सरकते, पाचवा बदलला की एक मीटर. पाचवा हलत होता, चौथा थांबला. तेवढं पुरेसं होतं. अमेरिकेनं मे 2000 पर्यंत सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ ठेवला होता, तेव्हा शंभर मीटरपर्यंतची चूक धरूनच चालावं लागे. शंभर मीटर म्हणजे इथे वहाळाच्या अलीकडचं आणि पलीकडचं. ते मी आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "तेवढ्यातच माणूस जातो."

लेकीच्या चित्रांच्या वहीतल्या पानामागे मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. पहिली सतराने सुरू होणारी, दुसरी त्र्याहत्तरने. पुढचे आकडे इथे देत नाही, ते त्यांचं घर आहे. फोनवर कसं सांगायचं तेही लिहिलं: आधी सतरावाली ओळ, मग टिंब, मग एकेक आकडा सुटा. खाली माझा फोन नंबर. पाखाडीखाली ज्या रस्त्यावर गाडी येऊ शकते तिथलाही आकडा घ्यायला हवा होता, पण बॅटरी संपली.

वेळासला घरगुती मुक्कामी पोचायला साडेआठ झाले. ओल्या काजूगरांची उसळ आणि गरम भात. घरच्या काकू आमच्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या. इतकं चांगलं जेवण मला हॉटेलात कधी मिळालेलं नाही. सकाळी पिल्लं बघितली. तळहाताहून लहान, ओल्या वाळूत रेघा ओढत पाण्याकडे जाणारी. दोरीपलीकडून रेटणाऱ्या आणि नको सांगूनही फ्लॅश मारणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग आला, अजूनही येतो. लेकीने तेरा मोजली. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, आणि घर.

कुणी वेळासला निघत असाल तर मंडणगड तालुका बघून घ्या, आणि मुक्कामाच्या घरून आकडा मागवा. मीही आता तेच करते. आईला वाटेत कुणालाही विचारू देते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे पावसाचा आवाज. "मधल्या वाडीतनं बोलतोय. कागद वाळवीनं खाल्ला असता म्हणून पडवीच्या भितीवर रंगानं लिवून घेतलंय. बरोबर हाय का तेवढं बघा."

मी यंत्र गाडीतून आणलं, चार्जरला लावलं. आजोबांनी भिंतीवरून वाचायला सुरुवात केली. "सतरा. टिंब. नऊ." मी पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत होते. दुसऱ्या ओळीतला टिंबानंतरचा तिसरा आकडा त्यांनी चार म्हटला, माझ्याकडे नऊ होता.

"पुसून नऊ करतो," ते म्हणाले. "थांबा, फोन ठेवू नका." पाच-सात मिनिटं मी पाऊस ऐकत थांबले. मग ते परत आले आणि त्यांनी दोन्ही ओळी पहिल्यापासून वाचल्या.