आमची वाटचाल : रिकाम्या कणांपासून भरलेल्या कणांपर्यंत

सुरुवातीला आमचं काम एवढंच होतं की रिसर्च लॅबना पीएलजीए या पॉलिमरचे रिकामे नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बनवून द्यायचे. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं हे पॉलिमर शरीरात पाण्यानेच हळूहळू तुटतं, दोन्ही निम्मं-निम्मं असलेलं 50:50 वालं सगळ्यात लवकर. साईज 200 नॅनोमीटरच्या आसपास आली, पीडीआय (कण एकमेकांपेक्षा किती लहानमोठे आहेत तो आकडा) 0.2 च्या खाली आला की माल रवाना.

मग एका क्लायंटने विचारलं, आत प्रोटीन भरून द्याल का, आणि खरा धंदा तिथून सुरू झाला. प्रोटीन विरघळतं पाण्यात, पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये, मग डबल इमल्शन आलंच, म्हणजे प्रोटीनचं पाणी आधी पॉलिमरच्या सॉल्व्हंटमध्ये सोनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी बारीक थेंब करायचे), ते सगळं पीव्हीएच्या (थेंब एकमेकांत मिसळू न देणाऱ्या पदार्थाच्या) पाण्यात ओतून परत सोनिकेट, आणि सॉल्व्हंट उडेपर्यंत ढवळत बसायचं, सगळं बर्फावर. ऐकायला सोपंय पण पाणी आणि सॉल्व्हंट भिडतात तिथेच बिचारं प्रोटीन उलगडतं, त्यातून वाचलं तर पॉलिमर तुटताना कणाच्या आत अ‍ॅसिड साठतं ते त्याला छळतं, वर पहिल्याच दिवशी पृष्ठभागावर चिकटलेलं बरंचसं भसकन सुटतं ते वेगळंच. त्यामुळे आम्ही ट्रेहॅलोज ही प्रोटीन सांभाळणारी साखर घालतो, अ‍ॅसिड मारायला कधी मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड.

अशाच कणांत भरलेलं ल्युप्रोलाईड या औषधाचं ल्युप्रॉन डेपो इंजेक्शन 1989 पासून चालतंय, पण ल्युप्रोलाईड छोटा पेप्टाईड (प्रोटीनसारखीच पण आखूड साखळी) आहे, त्याला घडी मोडायची भीती नाही. ग्रोथ हॉर्मोन या पूर्ण प्रोटीनचं न्यूट्रोपिन डेपो मात्र 1999 ला मंजूर होऊन 2004 ला बंद केलं, बनवायला फार जड जात होतं म्हणून, आणि त्यात तर कण मायक्रो साईजचे, म्हणजे आमच्यापेक्षा मोठे, होते!!

म्हणून नुसतं 'किती टक्के आत गेलं' या आकड्यावर आम्ही आता माल विकत नाही. एन्झाइम असेल तर बाहेर आलेलं किती काम करतंय तेही रिपोर्टमध्ये देतो, आकडा कमी दिसला की काही क्लायंट नाराज होतात, होऊ देत. बीएसएवर (गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनवर) ट्रायल घेऊन खूश होणाऱ्यांना पण मी हेच सांगतो की बीएसए स्वस्त आणि दणकट आहे, तुमचं प्रोटीन तसं असेलच असं नाही.

सध्या मोठ्या बॅचचं काम चालू आहे, तिथे प्रोब सोनिकेटर पुरत नाही त्यामुळे हाय प्रेशर होमोजिनायझरवर सेटिंग बसवतोय. ऑर्डर देताना प्रोटीनचा पीआय (ज्या पीएचला त्याचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो) आणि ते कुठल्या बफरमध्ये आहे तेवढं आधी कळवत जा, नाहीतर आमचा अर्धा वेळ तेच विचारण्यात जातो.