बोल्ट आवळल्यावर प्लेटच्या भोकाला काय होतं: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता: ओढ बसणाऱ्या प्लेटच्या जोडात बोल्ट किती आवळला यावर प्लेटमधला ताण कसा बदलतो. वर्कशॉपमध्ये कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. बोल्टमध्ये आधीच ८८ किलोन्यूटन भरून ठेवलेत, वरून आणखी ४० ने ओढणार, मग तो तुटणार नाही का? प्रश्न अगदी रास्त होता. माझं सगळं काम त्याच्याच उत्तरासाठी चाललं होतं.

नमुना साधा ठेवला. मधली प्लेट १२ मिमी जाड, ८० मिमी रुंद. दोन्ही अंगांना कव्हर प्लेट, १८ मिमीचं भोक आणि त्यात ८.८ ग्रेडचा एम१६ (१६ मिमी व्यासाचा) बोल्ट. या बोल्टचं आट्यांतलं क्षेत्रफळ १५७ चौरस मिमी, पोलादाची ताकद ८०० मेगापास्कल. दोन्हींच्या गुणाकाराचे ७० टक्के धरले की प्रीलोड, म्हणजे आवळल्यामुळे बोल्टमध्ये आधीच बसलेली ओढ, येतो ८८ किलोन्यूटन.

हा ८८ आकडा कागदावर सोपा आहे, बोल्टमध्ये उतरवणं अवघड. माझा सगळ्यांत जास्त वेळ इथेच गेला. टॉर्क रेंच प्रीलोड मोजत नाही, आपण लावलेला पीळ मोजतो, आणि त्यातला जवळजवळ नव्वद टक्के पीळ नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो. कोरड्या आट्यांसाठी पीळ आणि प्रीलोड यांना जोडणारा गुणांक ०.२ घेतला तर ८८ किलोन्यूटनला साधारण २८१ न्यूटन-मीटर लागतात. आटे तेलकट असले की गुणांक ०.१५ पर्यंत उतरतो. मग त्याच २८१ मध्ये बोल्टला ११७ किलोन्यूटन बसतात, आणि या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो पेलू शकतो तो भार, आहे ९१! म्हणजे रेंचवर आकडा बरोबर, आणि बोल्ट कायमचा ताणला गेलेला. म्हणून मी बोल्टच्या अक्षात बारीक भोक पाडून आत स्ट्रेन गेज (ताणल्यावर होणारी सूक्ष्म वाढ मोजणारी पट्टी) चिकटवला, आधी तो बोल्ट यूटीएमवर, म्हणजे नमुने ओढून तपासायच्या यंत्रावर, ओढून कॅलिब्रेट केला आणि त्यानंतरच जोडात घातला. प्रीलोडचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. टॉर्कवरून काढलेल्या प्रीलोडवर निष्कर्ष उभे करू नयेत.

आवळून झाल्यावरही लगेच ओढायला घेतलं नाही. पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे दबत जातात तसा प्रीलोड थोडा उतरतो, तो स्थिरावू दिला. प्लेटांमध्ये रंगाचा थर असेल तर हा उतार बराच मोठा असतो.

मधल्या प्लेटचं भोक कव्हर प्लेटांखाली झाकलेलं, तिथे गेज लावता येत नाही. ते प्लेटच्या कडांवर लावले आणि आतलं चित्र फायनाइट एलिमेंट मॉडेलवरून (जोडाचे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेल्या गणितावरून) काढलं. मॉडेलमध्ये दोन टप्पे वेगळे ठेवावे लागतात. पहिल्यात बोल्ट आवळायचा, दुसऱ्यात त्याची लांबी कुलूपबंद करून प्लेट ओढायची. प्लेटांमध्ये घर्षणाचा संपर्क हवा. प्लेटा नुसत्या चिकटवून टाकल्या तर जे पाहायचं आहे तेच मॉडेलमधून जातं.

प्लेट ४० किलोन्यूटनने ओढली तर भोकापाशी उरलेल्या छेदावर सरासरी ताण सुमारे ५४ मेगापास्कल येतो. पण ताण सरासरीने थोडाच वाटला जातो! मोठ्या प्लेटमधल्या रिकाम्या गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो, हे किर्शने १८९८ मध्येच दाखवलं होतं. सैल बोल्ट भोकाच्या भिंतीवर रेलून ओढ घेतो तेव्हा परिस्थिती त्याहूनही वाईट होते. आवळलेल्या जोडात मात्र ओढ भोकापर्यंत येण्याआधीच, वॉशरखालच्या दाबलेल्या पट्ट्यातून, घर्षणाने कव्हर प्लेटांमध्ये निघून जाते. घर्षणांक ०.३ धरला तर दोन पृष्ठभाग मिळून ५३ किलोन्यूटनपर्यंत जोड सरकत नाही. त्या आधीच्या ४० मध्ये बोल्टच्या दांड्यावर कातर, म्हणजे त्याला आडवं कापू पाहणारा भार, येत नाही. ‘८८ अधिक ४०’ ही बेरीज इथे होतच नाही.

मॉडेलमध्ये प्रीलोड वाढवत नेला तसा भोकाच्या कडेचा ताण उतरत गेला. सर्वाधिक ताणाची जागाही हलली, भोकाच्या कडेपासून दाबलेल्या पट्ट्याच्या सीमेकडे. प्रत्यक्ष जोडांतही याच भागात प्लेटा एकमेकींवर सूक्ष्म घासतात आणि थकव्याची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने पडणारी, भेग बऱ्याचदा तिथे सुरू होते.

यूटीएमवर घसरण झाली ती धाडकन आवाज करून. भार झपकन खाली आला, बोल्ट भोकाच्या भिंतीला टेकला आणि मग भार पुन्हा चढू लागला. कडेवरच्या गेजचे आकडे तोवर सरळ रेषेत होते, तिथून वाट बदलली. शेवटी प्लेट भरपूर ताणली गेली तेव्हा ती पातळही झाली आणि उरलासुरला प्रीलोड तिथेच संपला. त्यामुळे जोडाच्या अंतिम ताकदीत प्रीलोडने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो थकव्यात, आणि तो प्रचंड आहे. युरोपीय मानक ईएन १९९३-१-९ दोन्ही अंगांना कव्हर प्लेट असलेल्या प्रीलोडेड जोडाला थकव्यासाठी ११२ ची श्रेणी देतं (वीस लाख आवर्तनं सोसता येतील असा ताणातला चढउतार, मेगापास्कलमध्ये), तर साध्या भोकातल्या, प्रीलोड नसलेल्या बोल्टच्या जोडाला ५०, तीही भार उलटसुलट होत नसेल तर. आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं, म्हणजे तेवढ्याच ताणाखाली अकरा पटींचं अंतर. पूल, क्रेनचे गर्डर, हादरणाऱ्या चाळण्या यांच्या जोडांत बोल्ट कसा आवळला याची नोंद ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरते.