रोमहून एट्रुस्कन शहरांकडे: चेर्वेतेरी, तार्क्विनिया आणि शेवटी विला जूलिया

रोमला जाणार असाल तर एक-दोन दिवस एट्रुस्कनांसाठी, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांसाठी, राखून ठेवा. एके काळी खुद्द रोमवर एट्रुस्कन वंशाचे राजे होते. परंपरेनुसार त्यांतल्या शेवटच्या राजाला, तार्क्विनियसला, इ.स.पू. 509 मध्ये हाकललं. लोखंड, तांबं आणि ग्रीक-फिनिशियनांशी चालणारा समुद्री व्यापार यांवर एट्रुस्कनांची शहरं श्रीमंत झाली.

कोर्नेलिया मेट्रो स्थानकापासून चेर्वेतेरीची कोत्राल (प्रादेशिक बससेवा) बस मिळते. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानात घ्या. गावातून बांदितात्चाची दफनभूमी साधारण दोन किलोमीटर. रस्ता उघडा आहे, टोपी-पाणी हवंच. आत गोल टेकाडांच्या चक्क गल्ल्या आहेत. थडगी मऊ तुफा दगडात घरासारखी कोरलीत, छताला वासे, भिंतीला खाटा. भाजे-कार्ल्याला दगडात लाकडी वासे पाहिले असतील तर लगेच ओळख पटते. ‘उठावशिल्पांच्या थडग्या’त सुऱ्या, दोर, भांडी, उशा, सगळा संसार भिंतीवर आहे. पायऱ्या ओल्या असतात. चपला नकोत, मोबाइलचा टॉर्च हवा. खरी शहरं फारशी दिसत नाहीत: घरं बरीचशी लाकूड-मातीची होती आणि वर पुढच्यांनी वस्ती केली.

तार्क्विनियाला रेल्वेने जा. स्टेशन खाली, गाव टेकडीवर. बस चुकली तर चढ घाम काढतो. इथल्या मोन्तेरोत्सी दफनभूमीतली रंगवलेली थडगी काचेआडून पाहायची, बटण दाबलं की दिवा लागतो. घाई करू नका, कारण इथला इतिहास चित्रांतच आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ‘बिबट्यांच्या थडग्या’त बायका पुरुषांसोबत मेजवानीला रेलून बसल्यात (ग्रीकांना हे भारी खटकायचं). पुढच्या शतकांतल्या ‘कारोनांच्या थडग्या’त मात्र दाराशी यमदूत उभे. मधल्या काळात रोमने काय केलं, ते आठवून पाहावं.

रोमपासून सोळा-सतरा किलोमीटरवरचं वेई हे एट्रुस्कन शहर इ.स.पू. 396 मध्ये रोमन सेनापती कामिल्लसने घेतलं. बारा शहरांचा संघ होता म्हणतात, पण रोमन इतिहासकार लिव्हीच्या सांगण्यानुसार मदतीला तो आलाच नाही. माझ्या मते खेळ तिथेच संपला. मग एकेक शहर लढाईने किंवा तहाने गेलं. इ.स.पू. 264 मध्ये वोल्सिनी, म्हणजे बहुधा आजचं ओर्विएतो, उद्ध्वस्त झालं. इ.स.पू. 90 नंतर सगळ्यांना रोमन नागरिकत्व मिळालं आणि भाषा हळूहळू विरली.

रोममधलं विला जूलिया संग्रहालय शेवटी ठेवा. चेर्वेतेरीच्या बंदरातले, पिर्जीचे, सोन्याचे पत्रे (एट्रुस्कन आणि फिनिशियन लेख) आणि दांपत्याची शवपेटी आधी बघितली तर थडगी रिकामी वाटतील. उलट क्रमाने ती भरतात. सोमवारी संग्रहालयं बहुतेक बंद असतात. तार्क्विनियाचं संग्रहालय आणि दफनभूमी यांचं एकत्र तिकीट मिळतं का, तेही विचारा. तिथले पंखवाले घोडे चुकवू नयेत.