लिंबोणीच्या मातीला सातबारा मागितला

सोलापुरात आमच्या परसात सासऱ्यांनी लावलेली कागदी लिंबोणी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिची शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. नर्सरीवाला म्हणाला, नत्र कमी पडलंय. म्हणून युरिया घातला, पाणीही वाढवलं. पंधरा दिवसांत परसभर पानांचा सडा पडला.

मग माती तपासून घ्यायचं ठरवलं, आणि तिथंच दीड महिना गेला. माती परीक्षण प्रयोगशाळेच्या अर्जात गट नंबर हवा. आमचं घर सिटी सर्व्हेतलं, सातबारा आणू कुठून? खिडकीवरच्या बाईंनी नमुना परत दिला. मालमत्ता पत्रक घेऊन गेले, तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला ऐकवलं, "ताई, एका झाडासाठी कुणी माती तपासतं का?" मी तपासते! सासरे गेले, त्यांच्या हातचं एवढंच झाड उरलंय. चौथ्या खेपेला एका तरुण सहायकाने गट नंबरच्या रकान्यात सिटी सर्व्हे नंबर लिहिला आणि पावती फाडली. दोन मिनिटं लागली. हे पहिल्या दिवशी का झालं नाही? तोवर दोन फांद्या वाळल्या. तो राग अजून गेलेला नाही.

हो, लोह-जस्त तपासायचं असेल तर माती लोखंडी खुरप्याने काढू नका. लाकडी काठीने काढा, सावलीत वाळवा. माझा पहिला नमुना खुरप्याचा होता, तो टाकून द्यावा लागला.

अहवालात सामू (पीएच) 8.4, मुक्त चुना भरपूर, लोह कमी. चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी मुळांना मिळत नाही, आणि ओल राहिली की आणखी अडतं. म्हणजे पाणी वाढवून मीच त्रास वाढवला होता. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती, कारण झाड त्यांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. लोह तसं सरकत नाही. पिवळेपणा वरून सुरू झालाय की खालून, एवढं नर्सरीत कुणी विचारलं असतं तरी युरिया टळला असता.

अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) घालून फारसं काही होत नाही. मी तेच लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारलं, मुळाशी चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. पुडीवर त्या बांधणाऱ्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलंय का ते बघून घ्या. ईडीटीएवालं चुनखडीत टिकत नाही. पाणी आता वरची दोन बोटं माती सुकल्यावरच.

परवा शेंड्याला हिरवी पालवी दिसली. सासूबाईंना हाताला धरून परसात नेलं. त्या बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवत होत्या.