चेटकिणीचं माहेर: चिटनँगो आणि फेयेटव्हिल

भाची सिरॅक्यूजला शिकते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच तिने फोनवर बजावून ठेवलं होतं, मावशी जूनचा पहिला वीकेंड माझा, आपण चिटनँगोला जातोय. चिटनँगो म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं छोटंसं गाव, सिरॅक्यूजहून गाडीने अर्धा तास. एल. फ्रँक बॉम १८५६ साली इथे जन्मला आणि १९०० मध्ये त्याचं ऑझच्या जादूगाराचं पुस्तक आलं, तेच ते डोरोथी, टोटो, बुजगावणं, टिनचा माणूस आणि भित्रा सिंह वालं. गावाने हे इतकं मनावर घेतलंय की मेन रोडचे फुटपाथसुद्धा गोष्टीतल्या रस्त्यासारखे पिवळ्या विटांचे आहेत, आणि जूनमध्ये ऑझ-स्ट्रॅव्हॅगँझा हा ऑझचा उत्सव भरतो. मी तर त्याला जत्राच म्हणेन, परेड, खाऊचे स्टॉल, नटूनथटून आलेली पोरंटोरं आणि त्यांच्याहून जास्त नटलेले त्यांचे आईबाप. या गोष्टीवरच्या १९३९ च्या सिनेमात मंचकिन, म्हणजे ऑझमधले बुटके लोक, झालेले कलाकार हयात होते तोवर वर्षानुवर्षं इथे यायचे आणि लोक त्यांच्या सह्या घ्यायला रांगा लावायचे.

निळ्या चेक्सच्या फ्रॉकमधल्या डोरोथी भरपूर होत्या, पण माझं लक्ष सारखं चेटकिणींकडे जात होतं. हिरवी तोंडं, काळ्या टोप्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर दुष्ट भाव नाही, सगळ्या कशा मान ताठ करून चाललेल्या! एक मुलगा की मुलगी, मला सांगता येणार नाही आणि बहुतेक तोच त्या वेषाचा मुद्दा होता, डाव्या अंगाला फाटके मुलाचे कपडे आणि उजवीकडे पांढरा झगा, केसात लाल खसखशीचं फूल. भाची म्हणाली, टिप आणि ओझ्मा! १९०४ च्या दुसऱ्या पुस्तकात टिप नावाचा मुलगा शेवटी राजकन्या ओझ्मा निघतो, त्याला लहानपणी जादूने मुलगा केलेलं असतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पोरांच्या पुस्तकात हे आहे, आणि आजचे ट्रान्स वाचक त्याला जिवापाड जपतात.

मला सगळ्यात आवडल्या त्या एक सत्तरीच्या बाई. हिरवा रंग नाही, झाडू नाही, एका डोळ्यावर पट्टी, तीन वेण्या आणि हातात छत्री. एका पोराने विचारलंच, तू हिरवी का नाहीस? त्या म्हणाल्या, पुस्तकात मी हिरवी नाहीच बाळा, वाच. आणि खरंच आहे ते, १९०० च्या पुस्तकात पश्चिमेच्या चेटकिणीला एकच डोळा आहे, तिला अंधाराची आणि पाण्याची भीती वाटते, तिच्याकडे छत्री असते, आणि पुस्तकाचा चित्रकार डेन्स्लो याच्या चित्रात तिला तीन वेण्या आहेत. हिरवी ती १९३९ च्या सिनेमात झाली, टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत पडद्यावर. डोरोथीचे बूटही पुस्तकात चांदीचे आहेत, ते पडद्यावर उठून दिसावेत म्हणून लाल केले.

म्हणून मला मूळ बिघडवलं मूळ बिघडवलं म्हणणाऱ्यांचं पटतच नाही, कारण मूळ कधी एका जागी बसलंच नव्हतं. पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी स्टेजवर नाटक आलं त्यात टोटोच्या जागी चक्क एक गाय होती, आणि ते बॉमच्या डोळ्यांदेखत. १९५६ ला अमेरिकेत कॉपीराइट संपला आणि दारं सताड उघडली. १९७५ मध्ये ब्रॉडवेवर याच गोष्टीचं, सगळ्या काळ्या कलाकारांचं द विझ हे म्युझिकल आलं आणि नाटकांचे सात टोनी पुरस्कार घेऊन गेलं. मग १९९५ मध्ये इथून दोनेक तासांवरच्या ऑल्बनीत जन्मलेल्या ग्रेगरी मग्वायरने विकेड या कादंबरीत पश्चिमेच्या चेटकिणीलाच नायिका केलं, बॉमच्या एल, एफ, बी या आद्याक्षरांवरून तिचं नाव ठेवलं एल्फबा. रंगावरून हिणवली गेलेली, बोलणाऱ्या प्राण्यांच्या हक्कासाठी भांडणारी, आणि म्हणून सत्तेने दुष्ट ठरवलेली मुलगी. पुढे त्यावरून २००३ चं म्युझिकल, मग सिनेमे, परेडमधल्या ताठ मानेच्या पोरी सगळ्या तिथल्या. आपल्याकडे अलबत्या गलबत्या बघताना पोरं चिंची चेटकिणीसाठीच तर ओरडतात! चेटकीण आवडणं पोरांना कोणी शिकवावं लागत नाही, फक्त तिची बाजू विचारणारं कोणीतरी लागतं.

आणि ही बाजू विचारणारी बाई बॉमच्या घरातच होती, हे मला फेयेटव्हिलला कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथलं मटिल्डा जॉस्लिन गेजचं घर बघायला गेलो, गाव सिरॅक्यूज आणि चिटनँगोच्या मधलंच, आणि गंमत म्हणजे जेनेसी स्ट्रीट नावाचा एकच रस्ता फेयेटव्हिल आणि चिटनँगो या दोन्ही गावांतून जातो. गेज ही बॉमची सासू. बायकांच्या मताधिकारासाठी सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटनच्या बरोबरीने लढलेली, पण त्या दोघींइतकं नाव तिच्या वाट्याला आलं नाही. १८९३ च्या पुस्तकात तिने लिहिलं की चेटकीण म्हणून जाळलेल्या बायका खरं तर त्या काळातल्या जाणत्या बायका होत्या, औषधं माहीत असलेल्या, आणि म्हणूनच चर्चला नको झालेल्या. लेक मॉड कॉर्नेल विद्यापीठातलं शिक्षण सोडून एका नटाशी, म्हणजे बॉमशी, लग्न करतेय हे तिला आधी अजिबात पसंत नव्हतं, तरी १८८२ मध्ये लग्न याच घराच्या दिवाणखान्यात लागलं. पुढे शिकागोत ती जावयाकडे राहायची, त्याच्या गोष्टी ऐकायची आणि लिहून काढ म्हणून मागे लागायची. १८९८ ला गेली, ऑझ छापलेलं बघायला ती नव्हती.

त्या दिवाणखान्यात मी बराच वेळ उभी होते. बॉमने स्वतः काढलेल्या फोटोंवरून तो पुन्हा सजवलाय. ऑझमध्ये चांगल्या चेटकिणीही असतात हे त्या काळी नवीनच होतं, ते सासूकडून आलं असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मला ते सोळा आणे पटतं. पश्चिमेच्या चेटकिणीला मात्र बॉमने दयामाया दाखवली नाही, बादलीभर पाण्यात विरघळवून टाकली. सासूचं राहिलेलं काम चाहत्यांनी पुरं केलं.

एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. १८९०-९१ मध्ये डकोटातल्या आपल्या पेपरात बॉमने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा असे अग्रलेख लिहिले, आणि २००६ मध्ये त्याच्या वंशजांनी त्याबद्दल माफी मागितली. आणि त्याच्या सासूला, याच गेजला, १८९३ मध्ये मोहॉक या मूळ रहिवासी लोकांनी आपल्या वुल्फ (लांडगा) कुळात घेतलं होतं. आणि आज चिटनँगोत ओनायडा नेशनचा, म्हणजे मूळ रहिवाशांचाच, यलो ब्रिक रोड नावाचा कसिनो आहे, २०१५ पासून. त्या पिवळ्या विटा आता त्यांच्याही आहेत, आणि त्या माणसाच्या गोष्टीचं पुढे काय करायचं हे ठरवायचा पहिला हक्क त्यांचाच आहे असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर गेजचं घर आधी करा, म्हणजे परेडमधल्या चेटकिणी वेगळ्या दिसतात. घर रोज उघडं नसतं, वेळ बघून जा. चिटनँगोचं ऑल थिंग्ज ऑझ म्युझियम जेनेसी स्ट्रीटवरच आहे, तिथल्या लोकांशी बोला, नुसत्या पाट्या वाचून निघू नका. आणि गाडी लागतेच, बसवर अवलंबून राहू नका.