मूळ रंग वाचवताना: जुन्या बीटलबरोबरचा माझा अनुभव

जुनी गाडी घेतली की बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग, रंगवायला कधी देणार?" माझी फोक्सवॅगन बीटल बघायला आलेल्यांनीही तेच विचारलं. त्यांचंही बरोबर होतं. फिकट निळा रंग टपावर खडूसारखा पांढुरका झाला होता आणि बोट फिरवलं की निळी भुकटी हाताला यायची. तरी जिथे शक्य आहे तिथे हा रंग खरवडायचा नाही, हे मी गाडी घेतानाच ठरवलं होतं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, सीट नव्याने शिवून मिळतात. कारखान्यात चढलेला रंग एकदा काढला की परत मिळत नाही.

बीटलच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे, कारण तिचं बाकी सगळं मिळतं. मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. त्या काळच्या नंबरातला तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो. माझ्या गाडीचा तिसरा आकडा 2 आहे, म्हणजे 1972चं मॉडेल, ऑगस्ट 1971 ते जुलै 1972 या काळात बनलेलं. त्याच काळात, 17 फेब्रुवारी 1972 रोजी, 1,50,07,034वी बीटल बाहेर पडली आणि सर्वाधिक संख्येने बनलेली गाडी हा फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून 30 जुलै 2003 रोजी शेवटची बीटल निघाली, तोवर एकूण संख्या 2 कोटी 15 लाखांच्या वर गेली होती. इतक्या गाड्या बनल्या म्हणून आजही ब्रेकच्या सिलिंडरपासून दाराच्या रबरापर्यंत सगळं नवं मिळतं. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला मी हेच सांगेन की रूप नंतर बघा, आधी त्या गाडीचे सुटे भाग मिळतात का ते बघा.

मला पॉलिशचं मशीन कधी हातात घेते असं झालं होतं. पण बीटलसारख्या एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या, इंजिनांवर आयुष्य घालवलेल्या एका मेकॅनिककाकांनी पहिल्याच दिवशी मागचं झाकण उघडलं, पेट्रोलची रबरी नळी दोन बोटांत वाकवली आणि तिच्यावर उमटलेल्या बारीक भेगा मला दाखवल्या. "ताई, चमक राहू द्या. ही नळी फुटली तर चमकवायला गाडी उरायची नाही." बीटलचं इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढे. पुढून आलेलं पेट्रोल शेवटी कापडी वेष्टनाच्या रबरी नळीतून, सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अगदी जवळून कार्बोरेटरकडे जातं. नळी गळली की खाली ठिणगी आणि गरम इंजिन तयारच असतं. शिवाय इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. एकदा पेटला की विझवणं फार अवघड. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर आणखी लवकर खातं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदलला, क्लिपांसकट.

दुसरा धोका बॅटरीचा. ती मागच्या सीटखाली असते आणि सीटला खालून उघड्या स्प्रिंगा. मागे वजनदार माणूस बसला, स्प्रिंग दबून दोन्ही टर्मिनलना टेकली, की शॉर्ट सर्किट होतं आणि सीटचं भरण धुमसायला लागतं. बॅटरीवर मूळचं झाकण असायला हवं. माझ्या गाडीत ते नव्हतंच. ते आणून बसवेपर्यंत मागच्या सीटवर मी कुणालाही बसू दिलं नाही.

ब्रेकचं काम लांबलं, पण त्यात सांगण्यासारखं एकच. जुनी रबरी ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) बाहेरून धड दिसते आणि आतून फुगून बंद झालेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पाय उचलल्यावर मागे येत नाही आणि चाक धरून ठेवतं. लोक ड्रम उघडून तिथेच झगडत बसतात. दोष होजमध्ये असतो. आणि ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलतो, म्हणून ब्रेकचं काम पॉलिशच्या आधी संपवायचं. ऑइल भरताना पुढच्या डिकीत पाण्याची बादली आणि फडकं हाताशी ठेवायचं. सांडलं तर पुसू नये, आधी भरपूर पाणी ओतावं.

इंजिनाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो टॅपेट सेटिंगमध्ये, म्हणजे व्हॉल्व आणि त्यांना ढकलणारे रॉकर यांच्यातली फट जुळवण्यात. गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची. खाली सरपटत जाऊन तारेची क्लिप खाली ओढली की झाकण सुटतं आणि चार रॉकर समोर येतात. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व बंद असताना, रॉकर आणि व्हॉल्व यांच्या मध्ये फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या संचातली, 0.15 मिलीमीटर जाडीची पट्टी घालायची. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती गेली तर गॅप जास्त आहे. किंचित ओढ लागली तर बरोबर. मग स्क्रू जागेवर धरून नट आवळायचा आणि पुन्हा पट्टी घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. पुली अर्धा फेरा फिरवायची आणि पुढच्या सिलिंडरवर जायचं: 1, 4, 3, 2. टॅपेटची थोडी टकटक लोकांना खटकते. खरं तर आवाज बिलकुल बंद झाला की काळजी करावी. गॅप संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व नीट मिटत नाही, त्याची उष्णता तो ज्यावर टेकतो त्या व्हॉल्व-सीटवाटे निघून जात नाही आणि तो जळतो. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला पट्टी शिरतच नव्हती. तो वेळेत सापडला.

गाडी भरवशाने चालायला, वळायला आणि थांबायला लागली तेव्हा मी रंगाला हात घातला.

त्या काळच्या साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक लॅकरचा थर नसतो. जो काही थर आहे तो रंगाचाच. उन्हाने त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य झिजतं, वरचे रंगकण सुटे होतात, आणि भुकटी म्हणून हाताला लागतात ते हेच. म्हणजे पांढुरकेपणा फक्त वरच्या पापुद्र्याचा असतो आणि त्याच्या खाली निरोगी रंग असतो. किती असतो, हा खरा प्रश्न. त्यासाठी मी रंगाची जाडी मोजणारं गेज घेतलं आणि गाडीचा कागदावर नकाशा काढून प्रत्येक भागाचे आकडे लिहिले. टप, दारं, पुढची डिकी इथे 90 ते 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आले. डिकीच्या मधल्या उंचवट्यावर जेमतेम 60. डावं मागचं मडगार्ड 400च्या पुढे. म्हणजे तिथे कुणीतरी लांबी (पुटी) भरून पुन्हा रंग मारलेला होता. इतर सगळीकडे मूळ रंग होता, आणि ते आकडे बघून मला फार समाधान वाटलं.

आधी धुणं. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी. भरपूर ओलं करून क्लेची वडी हलक्या हाताने फिरवली की आधी खरखर लागते आणि थोड्या वेळात हात गुळगुळीत सरकायला लागतो. रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके वडीत अडकतात. वडी जमिनीवर पडली तर ती टाकूनच द्यायची. तिला चिकटलेली वाळू पुन्हा धुतली जात नाही आणि ओरखडे काढते.

यानंतर लगेच मशीन लावायचा मोह होतो. मी तो आवरला आणि आधी रंगाला तेलकट ग्लेझ पाजलं. सुती फडक्यावर जाडसर घेऊन दाबून चोळायचं, रात्रभर राहू द्यायचं, सकाळी पुसायचं. वाळून गेलेला सिंगल-स्टेज (वर लॅकर नसलेला) रंग तेल कसा ओढून घेतो ते डोळ्यांनी दिसतं. संध्याकाळी ओला चमकणारा टप सकाळी पुन्हा मंद झालेला होता, पण निळा रंग आदल्या दिवसापेक्षा गडद होता. दुसऱ्यांदा लावल्यावर त्याने कमी ओढलं. यात खालचा निरोगी रंग घासला जात नाही, उलट नंतर मशीनला काम कमी उरतं. ही पायरी वेळखाऊ म्हणून बरेच जण गाळतात. माझ्या मते जुन्या रंगाच्या कामातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे.

मशीन ड्युअल-अ‍ॅक्शनचं घेतलं. त्याचं पॅड फिरता फिरता हेलकावेही घेतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. टपावर हातभर लांबीरुंदीचा चौकोन चिकटपट्टीने आखला आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश इथून सुरुवात केली. तेवढ्याने भागलं तर कडक कंपाउंडला हात लावायचाच नाही. मशीन सावकाश सरकवायचं, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत, आधी आडवं, मग उभं. पॅड लगेच निळं होतं. वर लॅकर नसल्याची ती खूण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पॅड सारखं साफ करावं लागतं, नाहीतर तीच मेलेली भुकटी पुन्हा रंगावर घासली जाते. चौकोन झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने पुसला, म्हणजे तेलाने झाकलेले ओरखडे उघडे पडतात, आणि हातातला दिवा तिरका धरून बघितलं. चिकटपट्टीच्या आत ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसत होती, बाहेर नुसता धूसर पट्टा. बारीक पॉलिशवरच भागलं होतं.

काही खोल ओरखडे राहिले. ते घालवायला आणखी रंग उतरवावा लागला असता, म्हणून ठेवले. डिकीच्या उंचवट्यावर आणि सगळ्या कडांवर मशीन फिरवलंच नाही. तिथे पट्टी लावून हातानेच, ग्लेझने जेवढं उजळेल तेवढं. कडेवर रंग आधीच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो.

राहिलं ते डावं मडगार्ड. बीटलची चारही मडगार्डं बोल्टने बसवलेली असतात आणि बॉडी व मडगार्ड यांच्या सांध्यात बीडिंगची पट्टी असते. आधी रंग मारणाऱ्याने बीडिंग न काढता त्याच्यावरच फवारा मारला होता आणि सांध्यात पाणी मुरत होतं. बोल्ट गंजलेले. अशा वेळी एकदम जोर लावू नये. नट बॉडीच्या आत पक्के असतात, बोल्ट तुटला तर ड्रिल मारून नव्याने आटे पाडावे लागतात. आतून-बाहेरून गंज सोडवणारं तेल सोडून वाट बघितली, मग प्रत्येक बोल्ट आधी किंचित आवळला, मग सैल केला. कट्ट असा आवाज आला की समजायचं, सुटला. मडगार्ड उतरल्यावर लांबी खरवडली. खाली एक उथळ पोचा निघाला, गंज वरवरचाच होता. पत्रा ठोकून सरळ केला, प्रायमर मारला.

या एका भागाला नवा रंग लागणार होता आणि शेड कुठून घ्यायची यावर बराच विचार केला. कारखान्याच्या रंगाच्या कोडवरून घ्या, डॅशबोर्डखालून घ्या, असं सगळे सांगत होते. तिथला रंग उन्हाने न उडालेला, 1972मध्ये होता तसा. पण मडगार्ड बसणार होतं पन्नास वर्षं ऊन खाल्लेल्या दारामागे. म्हणून मी दार पॉलिश झाल्यावर, त्या दारावरूनच शेड मोजून घेतली. नवा रंग वाळल्यावर मडगार्ड नव्या बीडिंगसह बसवलं. उन्हात बघा, सावलीत बघा, सांध्यापाशी डोळा अडकत नाही.

बंपरचं काम त्यामानाने सोपं. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, त्याखाली निकेल. गंज बारीक छिद्रांतून वर येतो आणि तपकिरी ठिपके दिसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की ठिपके निघतात. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. जिथे क्रोम पापुद्र्यासारखं सुटलं आहे तिथे मात्र घासून उपयोग नाही, ते पुन्हा प्लेटिंगलाच द्यावं लागतं.

शेवटी कार्नोबा वॅक्स, दोन पातळ हात. लॅकर नसलेल्या रंगावर मला सिरॅमिक कोटिंग नको होतं. ते काढायचं तर पुन्हा घासावं लागतं, आणि घासायला माझ्याकडे फारसा रंग नाही. वॅक्स उतरतं आणि परत लावता येतं.

पॉलिशनंतर गेज घेऊन तो सगळा नकाशा पुन्हा भरला. टपावर दोन-तीन मायक्रॉन गेले आहेत, दारांवर त्याहून कमी. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्याने मशीन चालू करण्याआधी तो वाचावा.